दशमीचा जिताडा

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘छंद’ असा एक रकाना असतो. तीन वर्षे मी त्यात इमानाने ‘वाचन’ असे लिहीत आलो. ते अगदीच खोटे नाही. पण खरेही नाही. वाचनाने माझे हात कधी कापले नाहीत आणि वाचता वाचता घशाला कोरड पडली असेही कधी झाले नाही. खरे लिहायचे तर त्या रकान्यात ‘एकट्याने होडी घेऊन खाडीत गळ टाकणे’ असे लिहावे लागले असते, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले असते. आज या अंकाच्या निमित्ताने तो रकाना दुरुस्त करतो. आणखीही एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. ती ओघाने येईल.

आमचे गाव धरमतरच्या खाडीकाठी, पेणच्या बाजूला. पेण म्हटले की तुम्हाला गणपती आठवतात आणि धरमतर म्हटले की अलिबागच्या सहलीला जाताना एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेला पूल. पूल मागे पडायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात खाली दिसते ते गढूळ पाणी, दोन्ही काठांची तिवरे आणि ओहोटी असेल तर चकाकणारा चिखल. पण ही साधीसुधी खाडी नव्हे. पाली-नागोठण्याकडून येणारी अंबा नदी आमच्याजवळ पोचेपोचेपर्यंत खारट होते आणि रेवस नि करंजा यांच्यामधून मुंबईच्या समुद्राला मिळते. एके काळी मुंबईहून आगबोट धरमतरला येई. आता माल भरलेले बार्ज येतात. लांब पल्ल्याचे जलतरणपटू धरमतरला पाण्यात उतरतात आणि सुमारे 36 किलोमीटर पोहून गेट वे ऑफ इंडियाला बाहेर निघतात. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. आमच्या माणसांचे येत नाहीत. कारण आमची माणसे जिथे पाण्यात उतरतात तिथेच परत येतात. कधी कधी तेवढेही जमत नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस आषाढी अमावास्येचा. माझ्या आजीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, तरी आषाढी अमावास्येला ती घरातल्या कुणाला पाण्याकडे फिरकू देत नाही. भीतीसुद्धा वारसाहक्काने येते, ती अशी.

आम्ही खारेपाटातले. आमची शेते भरतीच्या पाण्याहून खाली. बांध घालून, उघाडी बसवून समुद्राला बाहेर थोपवायचे आणि आत भात पिकवायचा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा झगडा. पावसाळ्यात भात, बाकी मासळी. घरामागे तळे असते आणि तळ्यात जिताडा असतो.

जिताडा म्हणजे काय हे रायगडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण आपल्या महाविद्यालयात घाटावरचेही मित्र आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ज्याला जिताडा म्हणतो त्याला बंगालात भेटकी म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. पाठ उंच, तोंड मोठे, अंगावर रुप्याचे खवले. अंधारात बत्ती धरली तर डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. हा मासा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो. पुरा वाढला तर हातभर कसला, माणसाच्या छातीला लागेल एवढा होतो. आमच्याकडे जावई पहिल्यांदा जेवायला आला की त्याच्या ताटात जिताडा पडलाच पाहिजे. नाही पडला तर जावई काही बोलत नाही; पण त्याच्या गावात बोलतात.

ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मी वाचले की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. मी हा शोध घेऊन धावत घरी गेलो आणि आज्याला सांगितला. आज्याने विडी विझवली आणि म्हणाला, “मोटा जितारा फोरला का गाबोलीच निंगते. बाप्याचा मोटा मना कवा गावला नाय.” पुस्तकवाल्यांना जे दुर्बिणीखाली कळले ते आज्याला विळीवर कळले होते. मी गप्प बसलो.

हा माझा आजा माझा गुरू. त्याची होडी एकट्याची. लांबी बारा-तेरा हात, आणि रुंदी एवढीच की मांडी घालून बसलो तर दोन्ही गुडघे काठांना टेकतात. इंजिन नाही, शीड नाही. एक वल्हे आणि एक फळी. मागे वसतिगृहातल्या एका मित्राने मला मोबाइलवर परदेशातली काही दृश्ये दाखवली. रंगीत प्लॅस्टिकच्या निमुळत्या होड्या, त्यांत एकेक माणूस, आणि भर समुद्रात कुपा किंवा सुरमईसारखा दांडगा मासा गळाला लागला की होडीच माशामागे पळते! त्या होडीला ‘कयाक’ म्हणतात. शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही होडी बनवीत. मित्र म्हणाला, “बघ, याला म्हणतात थरार!” मी म्हटले, “हे आमच्याकडे आजा करतो, आणि पायांत चप्पलही नसते.” त्याला ती थाप वाटली.

पण त्या इन्युइटांविषयी पुढे वाचताना मी चकित झालो. भाल्याच्या दोरीचे दुसरे टोक ते होडीला बांधीत नसत. सीलच्या फुगवलेल्या कातड्याला बांधीत. जनावर बुडी मारी, ओढी, थके. कातडे पाण्यावर तरंगत राही आणि शिकारी त्याच्या मागोमाग जाई. आमच्या आज्याचा डबा तो हाच!

आज्याच्या गळाची मांडणी सांगतो. जाड तंगूस, त्याला मोठी गरी, गरीला पाठीतून टोचलेली जिवंत बोय. तंगुसाचे दुसरे टोक पाच लिटरच्या रिकाम्या, घट्ट बुचाच्या तेलाच्या डब्याला. होडीला नाही, कमरेला नाही, हाताला तर नाहीच नाही. आणि फळीखाली सुरी. पहिल्या दिवशी आज्याने हे तीनदा म्हणून घेतले, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसे. मासा आवरेनासा झाला तर डबा सोडायचा. डबा बुडतो, पण परत वर येतो. सुरी कशाला? तर दोरी हातापायाला आवळली तर. मासा मोठा झाला म्हणून सुरी काढायची नाही.

“मासली गेली तर गेली,” आजा म्हणे, “पन गरी पोटान घेऊन गेलेली मासली कोनाच्याच कामाची नाय.”

दुसरा पाढा भरतीचा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पुनवेला नि अवसेला दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपास. आम्ही खाडीत आत, म्हणून आजा त्यात थोडा वेळ मिळवतो. पुनव-अवसेला उधाण, पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते आणि ओढ अशी की गळ तळाला टेकतच नाही. ते दिवस जाळ्यांचे. गळाला अष्टमी-नवमी-दशमीचे भांग बरे. पाणी संथ असते आणि भरती संपून ओहोटी लागण्याच्या आधी काही क्षण ते चक्क उभे राहते. जिताडा तेव्हा खातो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही. पण आमच्या घरात तिच्याहून कडक बंदी आहे. श्रावण लागला की मासळी बंद, ती गौरी-गणपती बोळवल्यावरच सुरू. ताईचे लग्न वैशाखात झालेले. दाजी पहिल्यांदा राहायला येणार ते गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दशमीला. त्यानंतरच्या दिवशी एकादशी. म्हणजे जेवण दशमीच्या रात्रीच, आणि मासा दशमीच्या सकाळीच. आजा निरोप देऊन मोकळा झाला होता: “खारीचा जितारा खाऊ घालतो. तल्याचा नाय.”

आणि नेमक्या त्या आठवड्यात आज्याच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू. पहाटेच्या उजेडात त्याला गरीत तंगूस ओवता येईना. दोनदा बोटाला टोचून घेतल्यावर त्याने सगळे सामान माझ्यापुढे सरकवले. तोंडाने काही म्हणाला नाही. आई मात्र म्हणाली, “दोघांतलं कुणीच जाऊ नका. बाजारातून आणू.” आज्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दहाची पाऊणपट साडेसात, आमच्याकडे आठ. साडेपाचला मी होडी लोटली. एकटा जाण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. पण कुणाच्या तरी शब्दासाठी जाण्याची पहिलीच. पूर्वेला उजळत होते. तिवरांत बगळे ओरडत होते. मी खाडीच्या वळणापाशी गेलो. तिथे जुना बांध फुटून पाण्यात गेला आहे आणि त्याच्या दगडांच्या आडोशाला जिताडा दबा धरून राहतो. नांगर टाकला नाही. वल्ह्याने होडी जागच्या जागी धरून बोय सोडली आणि वाट पाहत बसलो.

वाट पाहणे हाच या छंदाचा पंचाण्णव टक्के भाग. तुम्ही म्हणाल, यात कसला थरार? पण त्या दोन तासांत माणसाचे सगळे शरीर बोटांच्या दोन पेरांत येऊन बसते. तंगुसातून बोयीची प्रत्येक शेपटी कळते. मध्येच खेकडा कुरतडतो, तेही कळते. चिखलाचा वास, पाण्याची चव, घरच्या चिंता, परीक्षेचे वेळापत्रक, सारे दूर जाते आणि उरते ते एक बारीकसे थरथरणे.

आठाच्या सुमारास पाणी उभे राहिले. आणि बोय एकाएकी घाबरली. हे कसे कळते ते मला सांगता येणार नाही. दोरी ताणली गेली नाही. फक्त थरथरण्याची लय बदलली. मग एक क्षण काहीच नाही. आणि मग असा हिसका बसला, की मांडी घालून बसलेला मी गुडघ्यांवर आलो.

तंगूस बोटांतून सरसरत गेला. बोटे भाजली. मी पायाने फळीला रेटा दिला, दोरी दाबली आणि होडीचे तोंड फिरले. हो, होडीचे तोंड! वल्हे आत पडलेले, वारा नाही, पाणी उभे; आणि माझी होडी खाडीच्या मध्याकडे निघाली. तिच्या नाळेला पाणी कापल्याचा आवाज येत होता. वल्हे न मारता होडी चालल्याचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. गेल्या शतकाआधी अमेरिकेतल्या नॅन्टकेटचे देवमासे मारणारे खलाशी या प्रकाराला घसरगाडीची सफर म्हणत असत. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. मला एवढेच ठाऊक होते की मी मोठमोठ्याने हसतो आहे.

मग वीस-पंचवीस हातांवर पाणी फुटले आणि जिताडा वर आला. अंगाने पुरा बाहेर. कल्ले उघडलेले, डोके डावी-उजवीकडे झाडत होता. त्या कल्ल्यांच्या झाकणांची धार पात्यासारखी असते. त्यावर तंगूस घासला की तुटतो, म्हणून तो उडाला की दोरी किंचित सैल सोडायची. मी सोडली. तो पडला त्याचा आवाज दोन्ही काठांवरून परत आला. केवढा होता? प्रत्येक गळवाल्याचा निसटलेला मासा मोठाच असतो, म्हणून आकडा सांगत नाही. मी त्याच्यापुढे लहान दिसत होतो एवढे सांगतो.

त्याच वेळी मागून भोंगा वाजला.

भरतीच्या पाण्यावर एक बार्ज रेवसकडून आत येत होता. पुढचा भाग चौकोनी भिंतीसारखा. जिताडा मला खाडीच्या मध्यावर घेऊन चाललेला आणि बार्जचा रस्ता तोच. पुन्हा भोंगा. मी वल्ह्याकडे पाहिले. दोन्ही हातांत दोरी. होडी कलली, थोडे पाणी आत आले. ‘रामदास’, आजी, आषाढी अमावास्या, सारे त्या क्षणी माझ्या डोक्यात एकदम ओरडले. मी फळीखाली हात घातला, सुरी काढली आणि दोरी कापली.

होडी थांबली. दोरी सैल झाली म्हणजे हातातून काय जाते, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. मी वल्हे मारले, बाजूला झालो. बार्ज गेला, अगदी निवांत, निदान दोनशे हात लांबून. त्याच्या लाटेने होडी चार-सहा वेळा डुलली आणि स्थिर झाली. मग मी खाली पाहिले. माझ्या पायांशी डबा पडला होता. तेलाचा, पाच लिटरचा, बूच घट्ट लावलेला. त्याला वावभर तंगूस लोंबत होता.

डबा सोडायचा होता. एवढेच करायचे होते. डबा पाण्यात टाकून मी बाजूला झालो असतो, बार्ज गेल्यावर डबा शोधला असता, आणि कदाचित थकलेला जिताडा त्याच्याखाली मिळाला असता. हा पाढा मला येत होता. तीनदा म्हणून दाखवला होता.

घरी आलो तेव्हा आजा ओट्यावर बसला होता. मी म्हटले, “मोठा होता. कल्ल्यावर घासून दोरी तुटली.” इतके सहज म्हटले की माझे मलाच नवल वाटले. आज्याने हात पुढे केला. मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने लोंबणारा तंगूस दोन बोटांत धरून शेवटपर्यंत चाचपला, टोकाशी क्षणभर थांबला आणि डबा बाजूला ठेवला. “असते कवा कवा,” म्हणाला.

दुपारी तळ्यात जाळे फिरवले. पाव तासात चार किलोचा जिताडा निघाला. रात्री पंगतीत दाजींनी घास घेत विचारले, “खाडीचा ना?” मी ताटात बघत होतो. आजा म्हणाला, “तल्याचा. खारीची आज मरजी नव्हती.” दाजी हसले, ताई हसली; जेवण छान झाले. शब्द आज्याचा मोडला आणि तो त्याने सगळ्यांसमोर स्वतःवर घेतला. मला त्या रात्री भात गिळेना.

दुसऱ्या दिवशी एकादशीच्या सकाळी आज्याने मला हाक मारली. पुढ्यात तोच डबा, तोच वावभर तंगूस आणि नवे रीळ. जुन्याला नवा जोडायची गाठ त्याने मला शिकवली. त्याला दिसत नव्हते. बोटांनी शिकवत होता. कापलेल्या टोकावर अंगठा ठेवून म्हणाला, “ह्यो टोक गाठीला बरा. कल्ल्यावर घासलेला टोक चगलल्यावानी व्हते, त्याला गाठ बसत नाय.” एवढे बोलून त्याने गाठ आवळली, दातांनी उरलेला तंगूस तोडला आणि विडी शोधू लागला.

इंग्रजीच्या तासाला आम्हाला हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याविषयी सांगितले गेले, पु. लं.नी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेला तोच तो सांतियागो. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, मग एवढा मोठा मासा आणि शेवटी हाती नुसता सांगाडा. वर्गात चर्चा झाली: तो जिंकला की हरला? पुष्कळ जण पुष्कळ बोलले. मी हात वर केला नाही. माझा प्रश्न निराळा होता. त्या म्हाताऱ्याजवळ निदान सांगाडा होता. जे घडले ते गावाने पाहिले. ज्याच्याजवळ फक्त एक साफ कापलेले टोक आहे त्याने काय करावे?

मी भ्यालो याची मला लाज वाटत नाही. बार्जपुढे भिऊ नये तर कुणापुढे भ्यावे? आजाही म्हणतो, पाण्याला न भिणारा एकच हंगाम जगतो. लाज वाटते ती दोन गोष्टींची. गरी तोंडात आणि लांब दोरी मागे घेऊन तो मासा कुठेतरी गेला. पुस्तक खरे असेल तर ती मासाच नव्हे, मासळी होती, पोटात गाबोली असलेली, खाऱ्या पाण्याकडे निघालेली. आणि दुसरी, अर्थातच, ओट्यावरची.

त्यानंतर आश्विनात मी पुन्हा गेलो. एक जिताडा मिळाला, पाच-सहा किलोचा. ओढ तशीच होती, हसूही तसेच फुटले. थरार कमी झाला नाही. एकदा तो आवरेना तेव्हा मी डबा सोडला. डबा बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. मी वल्हे मारत त्याच्यामागे गेलो आणि अर्ध्या तासाने हसत परत आलो. आज्याने मासा हाताने चाचपला, मग डबा चाचपला, डब्याच्या बाहेरचा ओला चिखल बोटावर घेतला आणि मान हलवली. बाकी काही नाही.

आता आज्याच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. होडीला या उन्हाळ्यात मीच तेल दिले. पण ओट्यावर जे बोललो ते अजून तसेच आहे. त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असावे. तरी ते कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणायला हवे, आणि ते काम माझे आहे.

आज्याला वाचता येत नाही. हा अंक छापून हातात आला की तो घरी नेईन. ‘तुझं काय छापलंय ते वाच,’ असे तो म्हणणारच. तेव्हा मी ओट्यावर बसून पहिल्या ओळीपासून वाचीन, आणि सुरीपाशी आल्यावर थांबणार नाही.